खळ्यावरचा चेंडू

आचल पहिल्यांदा अकोल्याला गोल्फ खेळायला गेली, तेव्हा शेवटच्या होलपाशी तिचा चेंडू ग्रीनच्या, म्हणजे झेंड्याभोवतीच्या गोल जागेच्या, या काठावरून त्या काठाला आणि त्या काठावरून पुन्हा या काठाला असा फिरत राहिला. हाकललेली शेळी फिरून फिरून त्याच वाफ्यात शिरावी तसा.

लांबच्या टोल्यांत तिने सगळ्यांना मागे टाकलं होतं. नागपूरहून आलेल्या मुलींचे आईवडील एकमेकांना विचारत होते, "ही कुठली हो?" वरूडची, असं मी छाती काढून सांगितलंही. आणि मग चेंडू झेंड्याच्या अगदी जवळ येऊन पडला आणि तिथे सगळं बिघडलं. पहिला फटका चेंडूच्या डोक्यावर बसला, चेंडू सरपटत पलीकडे गेला. दुसऱ्या वेळी काठी आधी मातीत रुतली आणि चेंडू बेडकाएवढी उडी मारून बसला. पुढच्या वेळी पुन्हा डोक्यावर. कोणीतरी हसलं. आचल हसली नाही आणि रडलीही नाही. तिने काठीचं पातं ओढणीने पुसलं आणि पुन्हा उभी राहिली. शेवटी चेंडू आत गेला तेव्हा तिचं नाव तळाशी गेलं होतं.

परतीच्या एसटीत मूर्तिजापूर जाईपर्यंत ती मांडीवर चेंडू फिरवत राहिली. मग म्हणाली, "सर, मार्चमंधी पुन्हा हाय ना?"

"आहे."

"थे शेवटचं?"

"तुझ्या वयाच्या गटासाठी शेवटचंच. जूनमध्ये तू मोठ्या गटात जाशील."

राज्याच्या उन्हाळी शिबिरासाठी विदर्भातून तिच्या गटातली एकच मुलगी घेणार होते. डिसेंबरची ही फेरी सरावाची धरली होती, निवड मार्चमध्ये. मोठ्या गटात तर शहरातल्या, वर्षानुवर्षं शिकलेल्या मुली. तिथे तिला कोण विचारणार?

"मंग मले जवळचं शिकवा," ती म्हणाली. "लांबचं आता नोका शिकवू."

मी वरूडच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक होतो. निवृत्त झालो तरी संध्याकाळी मुलांमध्ये गेल्याशिवाय मला जेवण जात नाही. गोल्फ मी कामठीला शिकलो. माझे वडील तिथल्या छावणीत गोल्फच्या मैदानावर माळी होते. त्यांनी राखलेल्या गवतावर मी हा खेळ आधी पाहिला, मग खेळलो. खेळ सांगायला सोपा आहे. लांबून चेंडू मारत आणायचा आणि झेंड्याखालच्या खड्ड्यात घालायचा, जितक्या कमी फटक्यांत जमेल तितकं चांगलं. लांबच्या टोल्याचं मला कधी फारसं नवल वाटलं नाही. अंगात बळ असलं की चेंडू लांब जातो. नवल वाटतं ते शेवटच्या त्या हलक्या फटक्याचं, ज्याला चिप म्हणतात. ग्रीनच्या काठावरून चेंडू थोडासा उडतो, जमिनीला टेकतो आणि मग वाट माहीत असल्यासारखा खड्ड्याकडे चालू लागतो. हे पाहताना माझ्या वडिलांचं खुरपं थांबत असे. म्हातारपणी माझाही श्वास थांबतो.

शाळेच्या मैदानावर आम्ही सुरुवात केली. माझ्याकडे जुन्या काठ्या आहेत. त्यातली तिरप्या पात्याची वेज मी तिच्या हातात दिली.

"चेंडू तू उचलायचा नाही," मी सांगितलं. "पातं तिरपं आहे, ते उचलेल. तू हात पुढे ठेव, मनगट शांत ठेव आणि वरून खाली मार."

तिने काठीकडे पाहिलं, चेंडूकडे पाहिलं. "सर, खाली मारीन त थो वर कसा जाईन?"

मुलाने असा प्रश्न विचारला की मी घाईने उत्तर देत नाही. प्रश्न खरा होता. मोठमोठी माणसं आयुष्यभर खेळून या प्रश्नाशी येऊन अडतात. मी म्हणालो, "करून पाहा."

तिने केलं. मनगटाने झटका दिला, चेंडू डोक्यावर मार खाऊन कुंपणाला गेला. मी पुन्हा सांगितलं, तिने पुन्हा तेच केलं. कान देऊन ऐकायची, मान हलवायची आणि काठी चेंडूपाशी आली की मनगट उडायचंच.

"तुमी सांगता तसंच करून राहिली ना मी," ती रडवेली होऊन म्हणाली.

"नाही करत तू."

"कावून नाई?"

कावून, म्हणजे का, ते मला संक्रांतीला कळलं. तिच्या गल्लीत मुलांचा विटीदांडू रंगला होता आणि आचल मधोमध उभी होती. जमिनीत उकरलेल्या गलीवर विटी आडवी ठेवायची, दांडूचं टोक तिच्याखाली घालायचं आणि मनगटाच्या एका झटक्याने ती उडवायची. आचलची विटी इतकी उंच आणि लांब जायची की समोरची पोरं आधीच मागे सरकून उभी होती. "आचलताई, जरा हळू व!" एक जण ओरडला. सगळ्या गल्लीत त्या मनगटाचं कौतुक होतं, आणि मी महिनाभर त्याच मनगटाला गप्प बस म्हणून सांगत होतो. ते कसं ऐकणार? खाली काही पडलेलं दिसलं की ते उचलून उडवायचं, हे तिच्या हाताला चालायला लागल्यापासून माहीत होतं.

आणखी एक अडचण होती. अकोल्याजवळचं ते मैदान लहान आहे. आपल्याकडच्या उन्हात गवत टिकत नाही म्हणून तिथलं ग्रीन नावापुरतंच ग्रीन. खरं तर तेल मिसळलेल्या वाळूचा तो एक थापलेला तपकिरी गोल असतो. त्यावर उंचावरून पडलेला चेंडू टणकन उडतो आणि निघून जातो. सराव करायचा तर तशीच कडक, गुळगुळीत, गोल जागा हवी होती. शाळेच्या मैदानावर तर ढेकळं आणि खडे.

कडक, गुळगुळीत, गोल. हे शब्द मनात घोळवत मी एका सकाळी आचलच्या आजोबांच्या शेतावर गेलो. वामनराव संत्र्याच्या बागेच्या कडेला हरभऱ्याच्या गंजीपाशी उभे होते. मळणीयंत्राची वाट पाहत होते.

"वामनराव, खळं कराल का यंदा?"

"खळं?" ते माझ्याकडे पाहतच राहिले. "मास्तर, आता कोण करते खळं? यंत्र येते, एका दुपारात भुसा अठी, दाणे तठी."

"मला हवं आहे. आचलच्या खेळासाठी."

त्यांचा चेहरा बदलला. "खळ्यात काठीनं गोट्या मारता? खळं म्हंजे लक्ष्मीची जागा हाय, मास्तर. तठी आमी चपला घालून पाय नाई ठेवत."

कौशल्याबाई, आचलच्या आजी, झाडाखाली भाकरी सोडत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "कायले नाई म्हणता? रोज त मले सांगता, माह्यासारखं खळं पंचक्रोशीत कोनी करत नव्हतं म्हणून. करून दाखवा ना."

"तू मधात बोलू नोको."

"मी त सारवाले येते," कौशल्याबाई म्हणाल्या. "तुमचं तुमी पाहा."

वामनरावांनी हरभऱ्याचा एक घाटा चोळून दाणे हातावर घेतले. मग म्हणाले, "पहिले त्याच्यात हरबरा मळायचा. थोडासाच, पण मळायचा. दाणा पडल्याबिगर ते खळं होत नाई. मंग तुमचा खेळ. आणि पायात काई घालायचं नाई. पोरीनंही नाई, तुमीही नाई."

खळं मी आयुष्यात अनेकदा पाहिलं होतं. तयार होताना पहिल्यांदाच जवळून पाहिलं आणि थक्क झालो. काळी माती म्हणजे भेगांची माती. उन्हाळ्यात तीत हात जातो. वामनरावांनी ती खणली, भिजवली, तुडवली, धुम्मसाने ठोकली, पुन्हा भिजवली. वाकून, एक डोळा मिटून ते तिची पातळी पाहत आणि नुसत्या तळपायाने सांगत, "अठी खोलगट हाय." मला तिथे काही दिसत नव्हतं. पाणी शिंपडलं की पाणी नेमकं तिथे थांबायचं. मग कौशल्याबाईंनी आणि आचलने शेणकाल्याने सगळा गोल सारवला. वाळल्यावर तो असा दिसू लागला की त्यावर भात वाढून जेवावं. मधोमध वामनरावांनी मेढ रोवली. पूर्वी या खांबाला बैल बांधून कणसांवरून गोल फिरवायचे. आता बैल नव्हते. आचलनेच दोरी कमरेला बांधून हरभऱ्याच्या घाट्यांवर फेऱ्या मारल्या आणि आजोबा मागून "हो, हो, चाल!" करत हसत राहिले.

दाणे उचलले, नारळ फोडला, मेढ काढली. तिच्या खड्ड्यात मी एक डबा बसवला आणि लाल फडकं बांधलेली बारीक काठी उभी केली. वामनराव तिलाही मेढच म्हणू लागले.

आता जागा होती, पण मनगट तेच होतं. आचल काठावर उभी राहायची आणि चेंडू खळ्यावरून सुसाट पलीकडच्या संत्र्यांत जायचा. कधी काठी काठाच्या मातीत घुसायची आणि सारवणाचा पोपडा उडायचा. कौशल्याबाई शेणाची पाटी घेऊन यायच्या. "खेळतं का खणतं व?" असं म्हणत त्या पुन्हा सारवायच्या. आचलने या चुकीला एक नाव ठेवलं होतं. मनगट उडालं की ती स्वतःच म्हणायची, "इट्टी झाली, सर." फेब्रुवारी सरत आला तरी रोज इट्टीच होत होती.

मृग बहाराच्या संत्र्यांचा तोडा सुरू झाला आणि एका रविवारी ती खेळायला आली नाही. मी शोधत बागेत गेलो. सावलीत तणस, भाताचं वाळलं गवत, पसरून संत्र्यांचा डोंगर घातला होता आणि भोवती बायका प्रतवारी करत बसल्या होत्या. मोठं फळ एका ढिगात, मध्यम दुसऱ्यात, बारीक तिसऱ्यात. त्यांच्यात आचल बसली होती. तोंड चालू होतं. कोणत्या तरी बाईची नक्कल करून दाखवत होती आणि सगळ्या जणी हसत होत्या. आणि हात आपला आपण चालला होता.

मी तो हात पाहिला आणि जागच्या जागी उभा राहिलो.

ती संत्रं तळहातावर घेत होती आणि खालच्या खाली, खांद्यापासून, झोपाळ्यासारखा हात पुढे नेऊन सोडत होती. फळ वीतभर उंच उठायचं, ढिगाच्या अलीकडे तणसावर टेकायचं, तिथून हळूहळू लोळत जायचं आणि ढिगाच्या पायथ्याशी इतर फळांना नुसतं चिकटून थांबायचं. आवाज नाही. एकही संत्रं ढिगावर आपटत नव्हतं. ढीग जवळ असो की लांब, फळ लहान असो की मोठं, तेच. मनगट मात्र इतकं शांत होतं की त्यावर पाण्याचा पेला ठेवावा.

"आचल," मी हळूच म्हणालो, "आता टाकलंस ते संत्रं कुठे टाकलंस?"

तिने दचकून वर पाहिलं. "ढिगात."

"नीट सांग."

ती विचारात पडली. जी गोष्ट आपण न विचार करता करतो, तिचा विचार करताना मुलांचा चेहरा कसा होतो ते मला फार आवडतं. "तठी," ती बोट दाखवत म्हणाली. "त्या काडीपाशी टाकलं. मंग थे आपोआप गेलं ढिगात."

"ढिगाकडे पाहिलंस का, पोचलं की नाही ते?"

"कायले पाह्यचं?" ती म्हणाली. "थे जातेच ना."

कौशल्याबाई म्हणाल्या, "मास्तर, फळ फेकलं त मार लागते, पेटीत सडते. फेकायचं नाई, सोडायचं. लहान होती तवापासून शिकवलं म्या तिले."

मला त्या रात्री खरोखर झोप लागली नाही. दोन महिने मी त्या मुलीला जे शिकवत होतो ते तिच्या उजव्या हातात आधीच होतं. शिवाय माझ्या हातात कधी होतं त्यापेक्षा ते चांगलं होतं. फक्त काठी दिसली की तिला दांडू आठवायचा.

दुसऱ्या दिवशी मी काठी घरीच ठेवली. वामनरावांकडून गळालेली संत्री मागून घेतली आणि खळ्याच्या काठावर टोपली ठेवली.

"आज चेंडू नाही," मी म्हणालो. "ही त्या मेढीपाशी पाठव."

आचलने एक संत्रं उचललं, खळ्याकडे पाहिलं आणि सोडलं. फळ टेकलं, सारवणावरून लोळत निघालं आणि पुढे निघून गेलं. "लय पुढं टाकलं," ती स्वतःशीच म्हणाली. "अठी तणस नाई ना." दुसरं अलीकडे टाकलं. तिसरं आणखी अलीकडे. टोपली अर्धी होईपर्यंत मेढीभोवती संत्र्यांचं रिंगण झालं होतं. ती मेढीकडे पाहतच नव्हती. तिचे डोळे खळ्यावरच्या एका डागावर होते.

"कुठे पाहतेस?"

"जिथी टाकायचं तिथी."

"आता हे घे." मी खिशातून चेंडू काढला. तो तिने हातानेच सोडला. तोही गेला. मग मी कौशल्याबाईंच्या हातातलं झाडूचं दांडकं घेतलं आणि म्हणालो, "हात लांब झाला आहे असं समज. टोकाशी तळहात आहे. तळहात उडत नाही, पुढे जातो." ती हसली, पण तिने दांडकं तसं झुलवलं. मग मी घरी जाऊन वेज घेऊन आलो. चालत गेलो आणि चालत आलो.

तिने डाव्या पायावर भार घेतला. चेंडूकडे पाहिलं, डागाकडे पाहिलं. काठी थोडी मागे गेली आणि पुढे आली. टिच, असा बारीकसा आवाज झाला, सुकी काडी मोडावी तसा. चेंडू गुडघ्याएवढा उठला. तिने तो उचलला नव्हता, तो आपला आपण उठला होता. डागावर टेकला, एक लहानशी उडी घेतली आणि मग चालू लागला. खळ्याला जिथे किंचित उतार होता तिथे तो किंचित वळला. मेढीच्या हातभर अलीकडे येऊन थांबला.

बागेत कुठेतरी एक फळ गळून पडलं तेवढाच आवाज. कौशल्याबाईंनी तोंडावर हात ठेवला होता.

"माय व," त्या म्हणाल्या.

आचल आपल्याच हाताकडे पाहत होती. "सर," ती म्हणाली, "म्या खालीच मारलं. आणि थो वर गेला."

"हो."

"कसा काय?"

मला कारण माहीत आहे. पात्याचा कोन, चेंडूची फिरकी, सगळं सांगता येतं. पण त्या क्षणी मला ते कारण पुरेसं वाटलं नाही. मी म्हणालो, "पुन्हा करून पाहा."

मार्चच्या शेवटी आम्ही अकोल्याला गेलो. वामनराव बरोबर आले. पोरीचा खेळ पाहायचा म्हणाले. सकाळी मैदानात शिरल्यावर पहिलं ग्रीन दिसलं तसे ते थबकले. तपकिरी, गोल, थापलेलं, मधोमध काठी.

"अरे, हे त खळंच हाय!" ते मोठ्याने म्हणाले. काठाशी जाऊन त्यांनी चपला काढल्या आणि हात जोडले. आजूबाजूचे काही लोक हसले. आचल बूट काढू लागली तेव्हा मी तिला अडवलं. "इथे नको, बरं दिसणार नाही," असं म्हणालो. कामठीच्या साहेबांचं मैदान माझ्या डोक्यात अजून होतं.

ती चांगली खेळली, पण सगळं सोपं झालं नाही. मधल्या एका होलवर लोक जवळ येऊन उभे राहिले आणि तिचं मनगट उडालं. चेंडू ग्रीन ओलांडून गेला. तिने लांबूनच माझ्याकडे पाहिलं आणि ओठ हलवले. इट्टी. मला हसू आलं. पुढे तिने भरून काढलं. खेळ संपला तेव्हा ती आणि नागपूरची पायल नावाची एक मुलगी बरोबरीत होत्या. जागा एकच.

पंचांनी ठरवलं की दोघींनी शेवटच्या ग्रीनच्या काठावरून एकेक चिप मारायची. जिचा चेंडू झेंड्याजवळ, ती शिबिराला जाईल.

पायल आधी खेळली. सुंदर खेळली. चेंडू उंच गेला, कापसाच्या बोंडासारखा अलगद उतरला. गवतावर तो तिथेच बसला असता. वाळूवर त्याने उडी घेतली आणि झेंड्याच्या दोन हात पलीकडे जाऊन थांबला. टाळ्या झाल्या, आणि त्या योग्यच होत्या. इतक्या कडक जमिनीवर इतक्या जवळ! मी मनात म्हटलं, आता हे व्हायचं नाही.

आचलने काठी खाली ठेवली. खाली बसून बुटांचे बंद सोडले.

पंच म्हणाले, "काय झालं? पाय दुखतो आहे का?"

"नाई सर. खळ्यात बूट घालून जात नाईत." मग थांबून तिने विचारलं, "चालते का?"

पंच क्षणभर गोंधळले. "नियम तर काही नाही," ते म्हणाले. "चालेल."

उन्हाने वाळू तापली होती. ती अनवाणी ग्रीनवर गेली. घाई न करता, आजोबा चालायचे तशी चालली, पाऊल पूर्ण टेकत. एका जागी थांबली. पाऊल उचलून पुन्हा तिथेच ठेवलं. मला तिथे काहीही दिसत नव्हतं. वामनराव माझ्या कानाशी म्हणाले, "सापडलं तिले."

परत येऊन ती चेंडूपाशी उभी राहिली. आधी रिकामा उजवा हात खालून एकदा झुलवला, संत्रं सोडावं तसा. मग काठी घेतली. नागपूरच्या मुली, त्यांचे आईवडील, पाणी वाटणारी माणसं, सगळे ग्रीनभोवती जमले.

टिच.

चेंडू उठला, खाली आला, टेकला. मला वाटलं फारच अलीकडे टेकला. त्याने लहानशी उडी घेतली आणि चालू लागला, पण झेंड्याकडे नाही, डावीकडे. कोणीतरी "अरेरे" म्हणालं. मग जिथे तिचं पाऊल थांबलं होतं तिथे तो वळला. कोणी बोट धरून वळवावं तसा वळला आणि हळू, आणखी हळू, दिवसभराचं काम उरकून बैल मेढीपाशी यावा तसा येऊन काठीला टेकून उभा राहिला.

मी आचलकडे पाहिलं. ती झेंड्याकडे पाहत नव्हती. चेंडू जिथे टेकला होता त्याच जागेकडे तिची नजर खिळलेली होती.

"आला व माय!" वामनराव ओरडले. "मेढीले आला!"

तेव्हा कुठे टाळ्या झाल्या आणि तिने मान वर केली.

पायलचे डोळे भरले होते. तिने ते पुसले, थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग खाली बसून तिनेही बूट काढले, ग्रीनवर गेली, वाळू तापलेली म्हणून भरभर चालली आणि आचलचा चेंडू उचलून तिच्या हातात आणून दिला.

"तू बघितलंच नाहीस?" तिने विचारलं. "इतका मस्त गेला!"

"कायले पाह्यचं?" आचल म्हणाली. "थो जातेच ना." मग एकदम तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. "खरंच टेकला होता का काठीले? पुरा? सांग ना व कसा गेला!"

दोघी झाडाच्या सावलीकडे गेल्या. पायल हातवारे करून सांगत होती, आचल ऐकत होती आणि मधेच "हाव?" म्हणत होती.

लोक पांगल्यावर मी बूट काढून ग्रीनवर गेलो. चेंडू टेकला होता ती जागा शोधली. वाळूत नखाएवढी एक खूण होती. मी उकिडवा बसलो आणि त्या खुणेपासून झेंड्यापर्यंतची वाट डोळ्यांनी पुन्हा पुन्हा चाललो. तळपाय पोळत होते. आयुष्यभर मी मुलांना शिकवलं आणि त्या एवढ्याशा खुणेवरून मला नजर काढवेना.

"मास्तर," काठावरून, चपला हातात धरून वामनराव म्हणाले, "चला आता. बस हुकन." आणि मग हळूच, "थांबा. मी पण येतो पाहाले."